पन्नाशीचा पालट

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार असतो, परंतु तो सहसा सरळ विचारलेला नसतो. कोणी चिरंजीव लिहितात कीं, मातोश्री अलीकडे क्षुल्लक कारणावरून संतापतात आणि मागाहून एकट्या बसून डोळे पुसतात. कोणी सूनबाई लिहितात कीं, सासूबाई ऐन थंडींत मध्यरात्रीं उठून खिडक्या उघडतात व मामंजी कुरकुरत त्या पुन्हां लावून घेतात. कोणी गृहस्थ लिहितात कीं, बावीस वर्षें संसार सुखाचा झाला, मग आतांच काय बिनसलें तें कळत नाहीं. या पत्रांत न लिहिलेली एक गोष्ट आम्हांस दिसते. ज्या बाईंविषयीं पत्र असतें त्यांचें वय बहुधा ४५ ते ५२ यांच्या दरम्यान असतें.

घरांत दहा माणसें एका पंक्तीस जेवतात. मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांची चर्चा वरणभातावर मोकळेपणीं होते. परंतु जी अवस्था पन्नाशी गांठणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या वांट्यास येते, तिच्यासाठीं आपल्या घरांत शब्द नाहींत. फार तर स्वयंपाकघरांत दोन जावा हलक्या आवाजांत कांहीं बोलतात, तेवढेंच. आम्ही वैद्य नव्हे. आमचें आयुष्य फळ्यापुढें गेलें. तथापि जी गोष्ट नीट समजल्यानें घरांतील एका माणसाचें दुःख हलकें होतें आणि प्रसंगीं प्राणही वांचतो, ती समजावून सांगणें हें मास्तराचें कामच आहे. म्हणून रजोनिवृत्तीच्या आगेमागें अंडाशयांत व रक्तांतील संप्रेरकांत कोणता पालट होतो, तो या महिन्यांत आम्ही क्रमानें सांगणार आहों.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. ही अवस्था आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेंत रजाची प्रवृत्ति बाराव्या वर्षापासून आणि क्षय पन्नाशीस, असा काळ सांगितला आहे. त्या मानानें 'मेनोपॉज' हा शब्द अगदीं अर्वाचीन. शार्ल द गार्दान नांवाच्या फ्रेंच वैद्यानें तो १८२१ सालीं रूढ केला. ग्रीक भाषेंतील महिना व विराम या अर्थाच्या दोन शब्दांचा तो समास आहे. 'हॉर्मोन' हा शब्द त्याहूनही नवा. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं आपल्या व्याख्यानांत तो योजिला. त्याच्या मुळाशीं असलेल्या ग्रीक धातूचा अर्थ 'चालना देणें' असा आहे. आपल्या परिभाषाकारांनीं त्यास 'संप्रेरक' हा प्रतिशब्द दिला. त्यांत सम् व प्र हे उपसर्ग असून 'ईर्' हा गत्यर्थक धातु आहे. दोन्ही भाषांनीं एकच मर्म पकडलें आहे. एका ग्रंथींत उत्पन्न होऊन, रक्तांतून वाहत जाऊन, दूरच्या दुसऱ्या अवयवास जें चालना देतें तें संप्रेरक.

आतां अंडाशयाकडे वळूं. गर्भाशयाच्या दोन्ही अंगांस बदामाएवढे दोन अंडाशय असतात. त्यांतील बीजांडांचा हिशेब मोठा विलक्षण आहे, कारण त्यांत जमेची बाजू जन्मापूर्वींच संपलेली असते. मुलगी आईच्या उदरांत पांच महिन्यांची असते तेव्हां तिच्या अंडाशयांत साठ ते सत्तर लक्ष बीजांडें असतात. जन्मास येईपर्यंत त्यांतील दहा ते वीस लक्ष उरतात, आणि पहिली पाळी येण्याच्या सुमारास तीन ते चार लक्ष. साऱ्या आयुष्यांत पक्व होऊन बाहेर पडतात तीं अवघीं चारशें ते पांचशें. बाकीचीं जागच्या जागीं विरून जातात. रजोनिवृत्तीच्या वेळीं शिल्लक असते सुमारें एक हजाराची. जातां जातां एक गोष्ट ध्यानांत आणावी. ज्या बीजांडापासून आपण झालों, तें आपली आई आपल्या आजीच्या उदरांत असतांनाच सिद्ध झालेलें होतें. तीन पिढ्यांचा हा संबंध कुळाच्या कोणत्याही वंशावळींत लिहिलेला नसतो.

प्रत्येक बीजांड एका सूक्ष्म कोशांत वाढतें. त्यास पुटिका म्हणतात. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथि असते. ती पुटिकांस जागें करणारें एक संप्रेरक रक्तांत सोडते. डॉक्टरांच्या कागदावर त्यास 'एफएसएच' असें लिहितात. जाग्या झालेल्या पुटिका वाढतां वाढतां इस्ट्रोजेन निर्माण करतात आणि त्याबरोबरच इन्हिबिन नांवाचें दुसरें संप्रेरक पाठवून 'आतां पुरे' असें पियूषिकेस कळवितात. बीजांड बाहेर पडल्यावर त्या रिकाम्या पुटिकेंतून प्रोजेस्टेरॉन निर्माण होतें. इस्ट्रोजेन गर्भाशयाचें अस्तर वाढवितें, प्रोजेस्टेरॉन त्यास आवर घालतें, आणि दोन्ही ओसरलीं म्हणजे पाळी येते. हें चक्र तीस-पस्तीस वर्षें चालतें.

चाळिशीनंतर काय होतें, तें शाळेच्या उपमेनें सांगतों. हजेरी घेणाऱ्या मास्तरांनीं हांक मारावी आणि वर्गांत मुलेंच थोडीं उरल्यामुळें ओ येऊं नये, म्हणजे मास्तर आवाज चढवितात. तसें पुटिका विरळ झाल्या कीं इन्हिबिन कमी पडतें आणि पियूषिका एफएसएच वाढवूं लागते. या चढलेल्या आवाजानें कधीं दोन-तीन पुटिका एकदम दचकून उठतात, तर कधीं एकही उठत नाहीं. म्हणून या संधिकालांत इस्ट्रोजेन उतरणीवरून घरंगळावें तसें सावकाश खालीं येत नाहीं. तें हेलकावे खातें. एखाद्या महिन्यांत तर तें तारुण्यांतल्यापेक्षांही अधिक असतें. ज्या महिन्यांत बीजांड बाहेर पडत नाहीं त्या महिन्यांत प्रोजेस्टेरॉनचा आवर नसतो, अस्तर अवास्तव वाढतें, आणि पाळी लांबून मग अतिशय रक्तस्राव होतो. हा संधिकाल सरासरीनें चार वर्षांचा असतो. कोणास थोडा, कोणास बराच अधिक. चिडचिड, अनिद्रा, विसराळूपणा, अकारण उदासी यांचें मूळ पुष्कळदां या हेलकाव्यांत असतें. ज्या बाईंनीं आजवर सर्वांची मनें सांभाळलीं त्यांचा स्वभाव एकाएकीं पालटला, असा निवाडा देण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं एवढें शास्त्र ध्यानांत घ्यावें.

यावरून आणखी दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी कीं, पंचेचाळिशी उलटलेल्या स्त्रीनें केवळ 'सुरुवात झाली कीं काय' हें पाहण्यासाठीं रक्ततपासणीवर पैसे घालूं नयेत. या महिन्यांत चढलेला एफएसएचचा आंकडा पुढच्या महिन्यांत उतरलेला असूं शकतो. या वयांत डॉक्टर पाळीच्या हकीकतीवरून व लक्षणांवरूनच निदान करतात. रक्त तपासतात तें मुख्यतः थायरॉइडचा विकार अथवा रक्तक्षय यांचा संशय दूर करण्यासाठीं. दुसरी अशी कीं, पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भधारणेचा संभव संपला असें नाहीं. पन्नाशीनंतर पाळी थांबली असल्यास एक वर्ष, आणि त्यापूर्वीं थांबली असल्यास दोन वर्षें सावधगिरी ठेवावी, असा वैद्यकाचा दंडक आहे.

शेवटची पाळी ही शेवटची होती हें त्या दिवशीं कोणासही कळत नाहीं. बारा महिने एकही पाळी आली नाहीं म्हणजे मागें वळून तो दिवस ठरवावयाचा. युरोप-अमेरिकेंत हें वय सरासरी ५१ च्या सुमारास आहे, हिंदुस्थानांत तें ४६-४७ च्या सुमारास. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत तें एक-दोन वर्षें अगोदर येतें. शंभरांत एखाद्या स्त्रीची पाळी चाळिशीपूर्वींच थांबते. तें 'लवकर सुटली' म्हणून सोडून देण्यासारखें नव्हे. तिला वैद्यकीय उपचार अवश्य लागतो, कारण हाडें व हृदय यांस अजून पुष्कळ वर्षें इस्ट्रोजेनची गरज असते.

रजोनिवृत्तीनंतर रक्ताचा जमाखर्च असा दिसतो. एफएसएच पूर्वीच्या दसपटीहून अधिक चढतें व तसेंच चढलेलें राहतें. इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार जो इस्ट्राडायॉल, तो ऐन उमेदींत महिन्याच्या मध्यास एका मिलिलिटर रक्तांत २०० ते ४०० पिकोग्रॅम असतो. आतां तो २० च्या खालीं येतो. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमाचा एक लक्ष कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म पदार्थावर झोंप, हाडें, त्वचा व मन यांचें स्वास्थ्य अवलंबून असावें, हें निसर्गाचें आश्चर्यच म्हणावें लागेल. मेंदूंत शरीराच्या उष्णतेचें नियमन करणारें जें केंद्र आहे, त्याच्या शेजारचे कांहीं मज्जापेशी इस्ट्रोजेनचा धाक नाहींसा झाल्यावर अतिउत्तेजित होतात. मग हवेंत किंचित् फरक पडला तरी केंद्रास वाटतें कीं शरीर तापलें. तें त्वचेच्या रक्तवाहिन्या खुल्या करतें, मुखावर लाली येते, घाम फुटतो, आणि पांच मिनिटांत थंडी वाजते. हा त्रास दोन-चार महिन्यांचा पाहुणा नव्हे. अमेरिकेंत अनेक वर्षें चाललेल्या एका मोठ्या अभ्यासांत, ज्यांना हा उष्मा वारंवार होतो त्यांपैकीं अर्ध्या स्त्रियांस तो सात वर्षांहून अधिक काळ होत राहिला, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें.

परंतु अंडाशय निकामी झाले असें कोणी समजूं नये. ते आकसतात, बदामाचे मनुक्यासारखे होतात. बीजांडें सरतात, तरी अंडाशयाचा गाभा टेस्टोस्टेरॉन व तत्सम संप्रेरकें पुढेंही कित्येक वर्षें निर्माण करीत राहतो. टेस्टोस्टेरॉन हें केवळ पुरुषांचें अशी समजूत आहे, ती खरी नव्हे; स्त्रियांतही तें असतें आणि तें वयाबरोबर हळूहळू उतरतें, रजोनिवृत्तीबरोबर एकदम कोसळत नाहीं. अंडाशयांतून व मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून आलेल्या या द्रव्यांचें रूपांतर शरीरांतील मेद इस्ट्रोन नांवाच्या सौम्य इस्ट्रोजेनांत करतो. आम्हां सेवानिवृत्तांस हें ऐकून संतोष वाटावा. मुख्य नोकरी सुटली तरी ओसरीवर दोन मुलांची शिकवणी चालूच असते!

हें 'उरलेलें काम' लक्षांत ठेवण्याचें कारण व्यवहारांतील आहे. आपल्याकडे 'पिशवी काढली' असें सहज म्हणतात. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्यानें पाळी बंद होते. परंतु अंडाशय जागेवर असल्यास संप्रेरकांचें काम चालू राहतें. दोन्ही अंडाशयही काढले, तर जो पालट निसर्ग कांहीं वर्षांत घडवितो तो एका दिवसांत घडतो. इस्ट्रोजेन कोसळतें व टेस्टोस्टेरॉनही सुमारें अर्ध्यावर येतें. कर्करोगादि कारणांनीं हें करावें लागलें तर इलाज नाहीं. परंतु अतिरक्तस्रावाच्या त्रासास औषधें व इतर सौम्य उपाय आहेत; ते न करतां शस्त्रक्रियेस संमति देऊं नये. आपल्याच महाराष्ट्रांत बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ सालीं सरकारी समितीकडून पाहणी झाली, तेव्हां ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें, आणि त्यांत ऐन तारुण्यांतील स्त्रियाही होत्या. त्यांची हलाखी निराळी आणि आपल्या घरांतील अज्ञान निराळें, तरी शिक्षण असून अज्ञानी राहण्याचा दोष आपल्याच पदरीं अधिक येतो. म्हणून घरांतील कोणाचीही अशी शस्त्रक्रिया ठरली तर डॉक्टरांस स्पष्ट विचारावें कीं, 'पिशवीच काढणार, कीं अंडाशयही? आणि अंडाशय काढणार तर कां?'

इस्ट्रोजेन गेलें तर तें बाहेरून कां देऊं नये, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. त्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९२३ सालीं एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी या अमेरिकन संशोधकांनीं डुकरिणीच्या अंडाशयांतील द्रवांत या द्रव्याचें अस्तित्व दाखविलें. १९२९ सालीं तें शुद्ध रूपांत हातीं आलें. आणि १९४२ सालीं गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेली गोळी अमेरिकेच्या बाजारांत आली. पुढें या गोळीची इतकी स्तुति झाली कीं ती म्हणजे अक्षय तारुण्याची मुळीच. मग १९७५ सालीं कळून आलें कीं, गर्भाशय असलेल्या स्त्रीस नुसतें इस्ट्रोजेन दिल्यास अस्तराचा कर्करोग बळावतो. तेव्हांपासून त्यास प्रोजेस्टेरॉनची जोड देतात. २००२ सालीं एका मोठ्या प्रयोगांत या जोड-औषधानें स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचें प्रमाण थोडें वाढलेलें दिसलें, आणि सर्व जग भ्यालें. मागाहून बारकाईनें पाहतां, त्या प्रयोगांतील स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें हें ध्यानांत आलें. आजचें मत असें कीं, साठीच्या आंत अथवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आंत असलेल्या, स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या इत्यादि दोष नसलेल्या व त्रास फार होणाऱ्या स्त्रीस याचा लाभ तोट्याहून बहुधा अधिक असतो. अमृत म्हणून घेणें आणि विष म्हणून टाकणें, दोन्ही टोंकें टाळावीं. डॉक्टरांशीं बोलून ठरवावें, आणि शेजारणीची चिठ्ठी आपल्यासाठीं वापरूं नये.

ज्यांना औषध नको त्यांनींही कांहीं पथ्यें पाळावीं. पाळी थांबण्याच्या सुमारास व पुढील कांहीं वर्षें हाडें वेगानें झिजतात, म्हणून दिवसास १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटांत जावें. शंभर ग्रॅम नाचणींत तें सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम असतें. दूध, ताक व तीळ हे तर घरचेच. रोज भरभर चालावें, थोडें ऊन अंगावर घ्यावें. याच काळांत रक्तांतील वाईट चरबी वाढते व हृदयविकारापासूनचें पूर्वींचें संरक्षण कमी होतें. म्हणून रक्तदाब, साखर व चरबी वर्षांतून एकदां तपासावी. लघवीस जळजळ, वारंवार जंतुदोष, अंगाचा कोरडेपणा हे त्रास वर्षांबरोबर कमी न होतां वाढत जातात. त्यांवर जागेपुरतें लावण्याचें सौम्य औषध आहे. भिडेपोटीं तें न मागणाऱ्या स्त्रिया कित्येक वर्षें विनाकारण सोसतात.

आतां ज्या एका वाक्यासाठीं हा सारा लेख लिहिला, तें सांगतों. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हां रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावें. मेदांतून निर्माण होणारें इस्ट्रोन सौम्य असलें तरी त्यास आवर घालणारें प्रोजेस्टेरॉन आतां नसतें. म्हणून स्थूल स्त्रियांत गर्भाशयाचें अस्तर गुपचूप वाढत राहण्याचा धोका अधिक. असा डाग दिसलेल्या शंभर स्त्रिया तपासल्या तर नव्वदांचें कारण साधें निघतें. सुमारें नऊ-दहा जणींस अस्तराचा कर्करोग आढळतो. उलट बाजूनें पाहिलें तर, हा कर्करोग झालेल्या शंभरांपैकीं सुमारें नव्वद जणींस पहिली खूण हीच दिसलेली असते. रोग स्वतः होऊन इतकी स्पष्ट सूचना क्वचितच देतो. सोनोग्राफीनें अस्तराची जाडी पाहतात, जरूर तर तुकडा तपासतात. वेळेवर कळल्यास बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात.

आणि हीच सूचना आपल्या घरांत दडपली जाते. ज्या घरांत शिवाशीव अद्याप पाळतात, तेथें पाळी थांबलेली वडील स्त्री ही सोंवळ्याच्या स्वयंपाकाचा व कुळधर्माचा आधार असते. अठ्ठावन्नाव्या वर्षीं डाग दिसला, तर तिनें तो सांगावा कोणास? सांगितला तर ऐन नवरात्रांत बाजूस बसावें लागेल, सुनांपुढें हंसें होईल, या संकोचानें ती फडकें धुऊन टाकते व गप्प राहते. दुसरी एखादी 'पाळी परत आली' म्हणून मनांतल्या मनांत सुखावतेही. आम्ही आचाराचे वैरी नाहीं. परंतु तो डाग विटाळ नव्हे, व्याधीची सूचना आहे, आणि आपल्या शास्त्रकारांनींही रोग्यास नियमांतून सूट दिली आहे. घरांतील सुनांनीं व लेकींनीं आपल्या सासूबाईंस आणि आईस हें एकदां तोंडानें सांगून ठेवावें; मुलगे संकोचत असतील तर त्यांनीं हें पान उघडें करून त्यांच्यापुढें ठेवावें.

शेवटीं, निसर्गानें हा पूर्णविराम मुळांत घातला कां? बहुतेक प्राण्यांत मादी मरेपर्यंत प्रसवत राहते. मनुष्य आणि कांहीं जातींचे देवमासे हे थोडे अपवाद. १९५७ सालीं जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानें असें सुचविलें कीं, उतारवयांत स्वतः बाळंतपण सोसण्यापेक्षां असलेल्या मुलांचा सांभाळ करण्यानेंच वंश अधिक तगतो. त्यावरूनच पुढें आजीविषयींचें अनुमान उभें राहिलें. टांझानियांतील हाद्झा लोकांत वृद्ध स्त्रिया कंद खणून नातवंडांस पोसतात असें आढळलें. आणि समुद्रांतील ओर्का देवमाशांतही आजी जिवंत असलेलीं पिलें दुष्काळांत अधिक टिकतात असें २०१९ सालीं दिसून आलें. वाद अद्याप मिटलेला नाहीं, परंतु एकत्र कुटुंबांत वाढलेल्यास हें अनुमान परकें वाटणार नाहीं. ज्या आजीच्या उदरांत आपलें बीज सिद्ध झालें, तिच्याच मांडीवर आपण रामरक्षा शिकलों. तिच्या प्रकृतीची विचारपूस तिनें तोंड उघडण्यापूर्वींच व्हावी, एवढें तरी आपणांकडून घडावें.